मिलिटरीत पाठवा म्हणता, पण कुठल्या कामावर?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरील ज्येष्ठ मंडळींना खुले पत्र

आदरणीय काका-काकूंनो,

सा. न. वि. वि.

"पोरांना दोन वर्षं मिलिटरीत पाठवा, सुतासारखी सरळ होतील," हे तुमच्या कट्ट्याचं ध्रुवपद झालं आहे. निमित्त कोणतंही चालतं. कुणी उलट्या दिशेने बाईक घातली, कुणाच्या नातवाने बारावीनंतर वर्षभर घरी बसायचं ठरवलं, कुठल्या क्रिकेटपटूने केस रंगवले, की गाडी फिरून तिथेच. जून २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक स्वरूपाचं लष्करी प्रशिक्षण द्यायचं जाहीर केलं, तेव्हा तर कट्ट्यावर पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मी संध्याकाळी पार्कला फेऱ्या मारते. तुमच्यातले निम्मे माझ्या वडिलांचे मित्र, त्यामुळे तोंडावर वाद घालणं मला जमत नाही. म्हणून हे पत्र.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगते. मी परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवते. दरवर्षी वर्गातली काही मुलं सैन्यभरतीची तयारी करतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचे म्हणून पहाटे कामगार मैदानावर धावतात आणि पहिल्या तासाला माझ्यासमोर पेंगतात. ही मुलं स्वतःहून जातात. तुम्हाला हवी आहे ती सक्ती, आणि तीही सगळ्यांना. त्या सक्तीबद्दल मला एवढंच विचारायचं आहे: तुम्ही पाठवलेल्या मुलाला तिथे काम कोणतं मिळणार, आणि ते कोण ठरवणार?

मिलिटरी म्हटलं की आपल्याला सव्वीस जानेवारीचं संचलन दिसतं, नाहीतर बर्फात उभा असलेला जवान. पण कुठल्याही सैन्यात ट्रक चालवणारा, पोळ्या लाटणारा, वायरलेस दुरुस्त करणारा, जखमेवर पट्टी बांधणारा, रजेचे अर्ज टाइप करणारा, कोठारातले बूट मोजणारा आणि गेटवर उभा राहणारा, असे सगळेच लागतात. वर्षं सगळ्यांची सारखीच जातात. हाती लागतं ते ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे.

हे खरं तर मी तुम्हाला सांगायला नको. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ साली कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली आणि ती सक्ती १९६८ मध्ये उठली. तुमच्यातले पंचाहत्तरी ओलांडलेले बरेचजण त्या परेडींतून गेलेत. माझे वडील त्या परेडीबद्दल दोनच गोष्टी सांगत: ऊन आणि नंतरचा नाश्ता. त्यांचे एक मित्र मात्र अंडर ऑफिसर होते, म्हणजे छात्रांच्या एका कंपनीचे, तुकडीचे, प्रमुख. ते आजही तुमच्या कट्ट्यावर बोलायला लागले की बाकीचे आपोआप गप्प होतात, बघा आठवून. वडील म्हणायचे, "त्याला कंपनी मिळाली, मला रांगेतली जागा." मैदान तेच, खाकी तीच, ऊनही तेच.

आता जिथे सक्ती खरोखर आहे तिथलं सांगते. माझी बहीण लग्न होऊन सिंगापूरला गेली, तिचे दोन्ही मुलगे तिथेच वाढले. तिथे १९६७ पासून राष्ट्रीय सेवा आहे. नागरिकांच्या मुलांना आणि कायम रहिवाशांच्या दुसऱ्या पिढीतल्या मुलांनाही साधारण अठराव्या वर्षी दोन वर्षं द्यावीच लागतात. पूर्वी अडीच होती. आधी वैद्यकीय तपासणी होते, तिच्यात एक श्रेणी मिळते, आणि त्या श्रेणीवर पुढचं बरंचसं ठरतं.

थोरला भाचा धडधाकट. चांगीहून फेरीबोटीने पुलाऊ टेकोंग नावाच्या बेटावर गेला, तिथलं प्रशिक्षण केलं, शेवटची २४ किलोमीटरची चाल पार पाडली. मग सार्जंटच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली आणि इन्फन्ट्रीत सेक्शन कमांडर झाला. एकोणीस वर्षांचा मुलगा, हाताखाली त्याच्याच वयाची मुलं, कुणी चिनी, कुणी मलय, कुणी तमिळ. रविवारी रात्री ठरल्या वेळेला कॅम्पात परतायचं, त्याला तिथे बुक-इन म्हणतात. त्यातला एकजण दर आठवड्याला उशिरा यायचा. आई आजारी, घरात दुसरं कुणी नाही. वर कळवावं तर पोराला शिक्षा, न कळवावं तर बाकीचे म्हणणार याला वेगळा न्याय का. भाच्याने शेवटी त्या पोराला बरोबर घेऊन वरिष्ठांकडे जाऊन परवानगीच मागितली. आज तो एका कंपनीत टीम सांभाळतो आणि सांगतो, की बंदूक कशी सोडायची ते विसरलो, तो मुलगा विसरलो नाही.

धाकट्याला दमा. त्याची श्रेणी खाली लागली आणि त्याला कोठारात टाकलं, स्टोअरमन म्हणून. बहिणीच्या मनाला ते फार लागलं. घरी कुणी आलं की थोरल्याचा गणवेशातला फोटो पुढे, आणि धाकट्याबद्दल विचारलं की "ऑफिस वर्क" म्हणून विषय बदल. मला मात्र त्याच्याच गोष्टी जास्त ऐकाव्याशा वाटायच्या, कारण त्या माझ्या विषयातल्या. एकदा वहीत पाण्याच्या बाटल्या एकशे वीस आणि फळीवर एकशे सतरा. वरचा माणूस म्हणाला, "हरवल्या म्हणून लिही आणि मोकळा हो." हा मोकळा झाला नाही. जुन्या चिठ्ठ्या काढून एकेक जुळवत गेला, तेव्हा एका सरावाच्या वेळी दिलेल्या तीन बाटल्या परत आल्याच नसल्याचं सापडलं. चिठ्ठीवर सही होती, पण गांडुळासारखी. कुणाची ते कळेना. त्या दिवसापासून त्याने नियम केला: नाव सुटं, वाचता येईल असं लिहिल्याशिवाय वस्तू मिळणार नाही. समोर कॅप्टन असला तरी. घरात कधी आवाज न चढवलेला हा मुलगा कॅप्टनला थांबवून "सर, नाव नीट लिहा" म्हणाला, आणि कॅप्टनने लिहिलं. पुढे एका मालवाहतूक कंपनीच्या मुलाखतीत साठा कसा तपासशील असं विचारल्यावर त्याने हाच किस्सा सांगितला.

त्यांच्याच इमारतीतला एकजण लष्करी वाहनांवर चालक होता. तिथे लष्कराचा परवाना रीतसर बदलून नागरी परवाना मिळवता येतो, आणि सिंगापूरसारख्या महाग शहरात ही चांगलीच मिळकत आहे. काहींना सैन्याऐवजी पोलिसांत किंवा अग्निशमन दलात पाठवतात, त्यातली काही मुलं ॲम्ब्युलन्सवर असतात. मरता माणूस हातात धरण्याचा अनुभव त्यांना विशीच्या आत येतो. आणि चौथा एक शेजारी, त्याची जवळजवळ सगळी सेवा गेटवर पहाऱ्यात गेली. काय शिकलास विचारलं तर म्हणाला, "उभ्याने झोपायला."

हे किस्से झाले, तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण ज्यांनी हजारोंचे हिशोब मांडले त्यांचेही आकडे असेच आडवेतिडवे आहेत. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या वेळी जन्मतारखांची सोडत काढून मुलं सैन्यात घेत. जोशुआ अँग्रिस्ट या अर्थतज्ज्ञाने (ज्यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं) १९९० साली त्या सोडतीवरून दाखवलं की सैन्यात जाऊन आलेल्या गोऱ्या पुरुषांची कमाई १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाही न गेलेल्यांपेक्षा सुमारे १५ टक्के कमी होती. नेदरलँड्समध्ये शांततेच्या काळातल्या सक्तीमुळे दहा वर्षांनंतरही सुमारे ५ टक्के तूट निघाली. पोर्तुगालमध्ये उलट, फक्त प्राथमिक शाळा शिकलेल्यांना थोडा फायदा झाला, जास्त शिकलेल्यांना काहीच नाही. आणि स्वीडनमध्ये सक्तीच्या सेवेतच ज्यांना सगळ्यात कडक अधिकारी-प्रशिक्षण मिळालं, त्यांची पुढे साध्या नागरी नोकरीत व्यवस्थापक होण्याची शक्यता सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. म्हणजे माझ्या वडिलांचा कंपनी आणि रांगेचा हिशोब स्वीडनच्या अभ्यासकांनीही मांडला.

राहिलं सुतासारखं सरळ होणं. अर्जेंटिनात ओळखपत्राच्या शेवटच्या तीन अंकांची सोडत काढून सक्तीची भरती व्हायची. संशोधकांनी सोडतीत नंबर लागलेले आणि न लागलेले यांची तुलना केली, तर लागलेल्यांमध्ये पुढे गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलेलंच दिसलं. त्या देशाने १९९४ मध्ये सक्तीच उठवली, तीही बराकीत मारहाणीने एका कोवळ्या सैनिकाचा जीव गेल्यावर. शिस्त बराकीत लागते आणि गुंडगिरीही बराकीतच शिकता येते, तुम्ही पाठवाल ते पोर कुणाच्या तावडीत सापडेल त्यावर ते अवलंबून.

आणि गेटवरच्या पहाऱ्याहूनही वाईट काम असू शकतं. दक्षिण कोरियात सैन्यातली सेवा दीड वर्षाची, धडधाकट मुलांना ती सहसा चुकत नाही. तिथे सेनाधिकाऱ्यांच्या सरकारी बंगल्यांवर घरकामाला सक्तीने भरती झालेली मुलं नेमत. २०१७ मध्ये एका जनरलच्या घरी अशा मुलांचा छळ झाल्याचे आरोप झाले, देशभर संताप उसळला, आणि सरकारला ती पद्धत मोडीत काढावी लागली. आई-बापांनी देशासाठी दिलेला मुलगा साहेबांच्या घरी भांडी विसळत होता. कट्ट्यावर हे सांगितलं असतं तर तुमचा चहा थंड झाला असता.

इस्रायलचं उदाहरण तुम्ही नेहमी देता, आणि ते आपल्याला जवळचंही आहे. अलिबागेहून, भायखळ्याहून गेलेली बेने इस्रायली कुटुंबं तिथे आहेत, त्यांच्या घरांत मराठी अजून ऐकू येते. तिथे '८२००' नावाच्या गुप्तवार्ता तुकडीतून बाहेर पडलेल्या मुलांना सॉफ्टवेअर कंपन्या पायघड्या घालतात, हे खरं. पण तिथेही सगळेच काही ८२०० मध्ये जात नाहीत. आणि युद्ध पेटलं की काय मिळालं, काय शिकलो हा हिशोबच संपतो, मग प्रश्न उरतो तो कोण परत आलं एवढाच.

आपल्याकडे या. अग्निपथ योजना सक्तीची नाही, पण 'काही वर्षं सैन्यात' ही तुमची कल्पना इथे उतरली आहे ती याच रूपात. जून २०२२ मध्ये जाहीर झाली. चार वर्षं सेवा, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत मुलं कायम, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी आणि निरोप, पेन्शन नाही. सैन्याच्या जाहिरातीत कामांचे गट सरळ लिहिलेले असतात. जनरल ड्यूटीला दहावी, टेक्निकलला विज्ञान शाखेची बारावी, क्लार्क आणि स्टोअरकीपरला ६० टक्क्यांची बारावी. ट्रेड्समनमध्ये बहुतेक कामांना दहावी, आणि हाउसकीपर, मेसकीपर या दोन कामांना आठवी पुरते.

मी मुलांना ही जाहिरात वर्गात वाचून दाखवते, कारण 'आर्मीत जायचंय' एवढंच त्यांना माहीत असतं. क्लार्कच्या ६० टक्क्यांची अट ऐकल्यावर माझ्या विषयाकडे त्यांचं जरा लक्ष लागतं, हा माझा स्वार्थ. पण त्या यादीत मला नेहमी दिसतं ते दुसरंच. कोण काय काम करणार हे भरतीच्या मैदानावर ठरत नाही. ज्याला बापाच्या आजारपणात आठवीनंतर वडापावच्या गाडीवर उभं राहावं लागलं, त्याचं काम तेव्हाच ठरलेलं असतं. आचाऱ्याचं काम हलकं असं मी म्हणत नाही. मालाडला मार्वेच्या किनाऱ्याजवळ नौदलाचं आयएनएस हमला हे केंद्र आहे, तिथे नौदलाचे आचारी आणि भांडारी तयार होतात. बोटीवर भर समुद्रात शेकडो माणसांना वेळेवर जेवायला घालणं ही विद्या आहे, आणि या शहरातल्या हॉटेलांत तिला भाव आहे. पण रीतसर शिकवून हातात प्रमाणपत्र दिलं तर. नुसता मेस झाडून घेतला, तर मुलगा जसा गेला तसाच परत येणार, वयाने मोठा होऊन.

स्वेच्छेच्या भरतीत निदान मुलाला कळत असतं, की मी कशावर सही करतोय. सक्ती झाली की तीही सोय गेली. मग काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. मलबार हिलचा मुलगा संगणकासमोर, मानखुर्दचा मेसमध्ये, आणि दोघांच्या आयांना सांगणार, दोघंही देशसेवा करतायत. तुर्कस्तानात तर ठरावीक रक्कम भरली की सेवा महिन्याभराच्या प्रशिक्षणात आटोपते. मुंबईत अशी खिडकी उघडली तर तिथली रांग कुठल्या पिनकोडची असेल, ते कट्ट्यावर पैज लावून सांगा.

चैत्यभूमी तुमच्या कट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून संविधानातलं एक कलम इथे लिहिण्याचं धाडस करते. कलम २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादायची मुभा राज्याला दिली आहे, पण अट अशी की ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करायचा नाही. 'वर्ग' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे सक्ती घटनेला मंजूर आहे, तुमचं खरं आहे. पण शाळा, इंग्रजी आणि ओळखीपाळखी यांवरून कामं वाटली गेली, तर कागदावर भेदभाव न करताही तो होणारच. तुमच्यात निवृत्त वकील आहेत, एक माजी न्यायालयीन अधिकारीही आहेत. कामवाटपाची पद्धत आधी छापली जावी, आणि कुठल्या मुलाला कुठलं काम का दिलं हे पालकाला विचारता यावं, एवढी मागणी तरी तुमच्या मागणीला जोडाल का?

आणि एक विचार करून बघा. तुम्हाला खरोखर सैन्यच हवंय का? ऑस्ट्रियात जानेवारी २०१३ मध्ये सक्तीच्या भरतीवर सार्वमत झालं आणि सुमारे ६० टक्के लोकांनी ती ठेवा म्हणून सांगितलं. तिथे मुलाला सहा महिने सैन्यात किंवा नऊ महिने नागरी सेवेत काढता येतात. नागरी सेवेतली मुलं ॲम्ब्युलन्सवर जातात, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालतात, जेवण पोचवतात. सक्ती टिकली त्यात या मुलांचा वाटा मोठा होता. ती गेली तर आजीला कोण बघणार, हा लोकांचा रोकडा प्रश्न होता. केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी स्ट्रेचर ढकलायला माणूस मिळत नाही म्हणून तुमच्यातल्याच एकांनी मला सुनावलं होतं. तिथे सहा महिने काढलेला मुलगा आणि गेटवर दोन वर्षं काढलेला मुलगा, यांतला कोण जास्त शहाणा होऊन घरी येईल? माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे.

खरं तर सक्तीच्या आधी करण्यासारखं इथेच पुष्कळ आहे. होमगार्ड ही संघटना देशात पहिल्यांदा उभी राहिली ती आपल्याच शहरात, डिसेंबर १९४६ मध्ये. आज गणपतीच्या गर्दीत दोर धरून उभा असलेला होमगार्ड आपल्याला दिसतो, पण त्याच्याबद्दल कुणी कट्ट्यावर बोलत नाही. आमच्या कॉलेजात एनसीसीला यायला तयार असलेली मुलं जागांपेक्षा जास्त आहेत. मुली तर दरवर्षी परत पाठवाव्या लागतात. जे स्वतःहून दारात उभे आहेत त्यांना जागा नाही, आणि जे येत नाहीत त्यांना ओढून न्यायची भाषा, हे मला समजत नाही.

आता कामाचं. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतात. त्यांत आमच्या कॉलेजची मुलं आहेत, आणि कायम होणार नाहीत ती परळ-लालबागच्या खोल्यांत परत येणार आहेत. त्यांना बायोडेटा लिहिता येत नाही. 'स्टोअरकीपर, चार वर्षं' एवढंच लिहितात आणि थांबतात. त्या चार वर्षांत किती किमतीचा साठा हाताखाली होता, हिशोबात काय जुळवलं, कुणाला थांबवलं, हे कागदावर येत नाही. तुमच्यात बँकेचे व्यवस्थापक आहेत, रेल्वेच्या भांडार विभागातून निवृत्त झालेले आहेत, दोघी-तिघींनी कंपन्यांत माणसं निवडण्याचं काम केलेलं आहे. ही मुलं यायला लागली की रविवारी सकाळी कॉलेजचा एक वर्ग उघडून घ्यायची परवानगी मी प्राचार्यांकडून मिळवली आहे. एकेका मुलासमोर एकेकाने बसायचं, त्याने काय काम केलं ते विचारायचं, आणि बाहेरच्या माणसाला कळेल असं लिहून द्यायचं. अंडर ऑफिसर काकांना मुलाखतीची तालीम घ्यायला बसवावं असा विचार आहे. चहा कॉलेजचा, वडे मी आणीन. कोण कोण येणार ते पार्कात भेटाल तेव्हा सांगा.

आपली,
परळच्या एका ज्युनिअर कॉलेजातील शिक्षिका